१८६४ घ्यावं की १९६८? युद्धकाळातल्या निवडणुकीचा ‘जर-तर’ निवडताना

आमच्या गावच्या वाचनालयात दर हिवाळ्यात तीन दिवस व्याख्यानं होतात. पऱ्हाटीचा मधला वेचा उरकत आलेला असतो, तूर अजून शेतात उभी असते, आणि जेवणं आटोपल्यावर माणसं येऊन बसतात. त्यामुळे या दिवसांत दारव्हा-दिग्रस भागातल्या कुणा ना कुणा शिक्षकाचा, नाहीतर एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाचा फोन येतो : ‘सर, युद्ध चालू असताना झालेली निवडणूक दुसऱ्यानं जिंकली असती तर काय झालं असतं, असा विषय घ्यायचा आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध घेऊ की व्हिएतनाम घेऊ?’ मी दोन्ही विषय मांडले आहेत. आधी १८६४ आणि पुढच्या वर्षी १९६८, त्याच हॉलमध्ये, बहुतेक त्याच माणसांसमोर. फोनवर दर वेळी अर्धंच बोलणं होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे.

लिंकन कोण, निक्सन कोण, ही युद्धं कशावरून झाली, हे धरून चालतो. विषय घेणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच.

दोन्ही निवडणुकांचा सांगाडा विलक्षण सारखा आहे. दोन्ही वेळा देश युद्धाला कंटाळला होता आणि दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक पक्ष ऑगस्टच्या शेवटी शिकागोलाच जमला. दोन्ही वेळा त्या पक्षाचा उमेदवार (१८६४ साली लिंकनसमोर मॅक्लेलन, १९६८ साली निक्सनसमोर हम्फ्री) हरला, आणि ‘हा जिंकला असता तर युद्ध लवकर थांबलं असतं’ असं त्याच्याबद्दल आजही म्हटलं जातं. फरक इतकाच की १८६४ साली तो विरोधी बाकावरून आला होता आणि १९६८ साली सत्तेतला उपाध्यक्ष होता. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी १८६४, कारण माझंही मन आधी तिकडेच गेलं. आपल्याकडच्या माणसाचं ते तिकडे जाणारच. अमेरिकेतली उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई १८६१ साली पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीकडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोचली, म्हणजे तेजीचा सगळा काळ आपला कापूस बैलगाड्यांनीच वाट तुडवत होता. १८६५ साली तिकडची लढाई संपली आणि इकडचे भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बसला, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या बुडाल्या. हे नुसतं सांगायला लागलं तरी समोरची माणसं पुढे सरकून बसतात. हजारो मैलांवरच्या लढाईनं आपला भाव चढतो आणि उतरतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

गोष्ट म्हणूनही १८६४ फार समृद्ध आहे. २३ ऑगस्टला लिंकननं एका कागदावर लिहून ठेवलं की हे सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता फारच कमी दिसते. तसं झालं तर नव्या अध्यक्षानं सूत्रं घेण्याआधीच त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवावं लागेल, कारण तो ज्या भूमिकेवर निवडून येईल त्या भूमिकेनं नंतर ते वाचणार नाही. कागद दुमडून त्यानं मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. आत काय आहे हे कुणी वाचलं नाही. आठवड्याभरानं शिकागोत डेमोक्रॅटांनी जाहीरनामा काढला की चार वर्षं लढून काही साधलं नाही, आता युद्धबंदीसाठी पावलं उचला. उमेदवार दिला जॉर्ज मॅक्लेलन, ज्याला लिंकननं १८६२ साली सेनापतिपदावरून दूर केलं होतं तोच. अधिवेशन उठल्यावर दोनच दिवसांत, २ सप्टेंबरला, दक्षिणेचं अटलांटा शहर उत्तरेच्या हाती पडलं आणि सारं वारं फिरलं. मॅक्लेलननं ८ सप्टेंबरच्या पत्रात आपल्याच जाहीरनाम्यातलं ते कलम बाजूला सारलं आणि आधी संघराज्य, मग तह, अशी अट घातली. ८ नोव्हेंबरला लिंकन २१२ विरुद्ध २१ अशा प्रातिनिधिक मतांनी (म्हणजे राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) जिंकला. मॅक्लेलनकडे न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी एवढी तीनच राज्यं आली.

मी हे सगळं मन लावून मांडलं होतं. उत्तरेचा सेनापती शर्मन याचा दक्षिणेतल्या सावाना बंदरापर्यंतचा कूच सांगितला. डिसेंबरात त्यानं लिंकनला तार केली की नाताळची भेट म्हणून सावाना शहर, दीडशे तोफा आणि सुमारे २५ हजार गाठी कापूस देतो आहे. ‘२५ हजार गाठी’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतल्या जिनिंगवरच्या मंडळींचा आपसात हिशेब सुरू झाला. व्याख्यान रंगलं असंच मला वाटत होतं.

शेवटी प्रश्नांची वेळ आली आणि सत्तरीतले एक काका उभे राहिले. दिवसभर वेचणीवर उभे होते. बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळत त्यांनी विचारलं, ‘सर, तो नोव्हेंबरात निवडून आला असता, तं मंग खुर्चीवर कवा बसला असता?’

मी म्हटलं, ‘४ मार्चला. तेव्हा तसाच नियम होता.’

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. ‘म्हंजे आपल्या इकडं सीतादही होऊन पहिला वेचा होते तवा निवडून येते, अन् सारा कापूस इकून झाला का मंग बसते. तवापर्यंत लढाईत राह्यलं काय होतं?’

माझ्यापाशी तारखा होत्या, पण मी त्या या दृष्टीनं कधी ओळीनं लावल्या नव्हत्या. त्या रात्री घरी जाऊन लावल्या. ८ नोव्हेंबर ते ४ मार्च म्हणजे ११६ दिवस. मतदानानंतर आठवड्याभरात शर्मन अटलांटाहून निघतो. १५ आणि १६ डिसेंबरला नॅशव्हिलला उत्तरेचा थॉमस दक्षिणेच्या हूडचं सैन्य मोडून काढतो. २१ डिसेंबरला सावाना पडतं, १५ जानेवारीला फोर्ट फिशर पडून विल्मिंग्टनचं बंदर तुटतं, १८ फेब्रुवारीला चार्ल्सटन रिकामं होतं. पीटर्सबर्गसमोर उत्तरेचा सरसेनापती ग्रँट जूनपासून ठाण मांडून बसलेला आहेच. मॅक्लेलन शपथ घेता तर त्याला काय मिळालं असतं? प्रत्यक्षात दक्षिणेचा सेनापती ली ९ एप्रिलला शरण आला, म्हणजे ४ मार्चपासून छत्तिसाव्या दिवशी. आणि मधले ११६ दिवस लिंकनच अध्यक्ष. त्या दुमडलेल्या कागदात त्यानं लिहिलं होतं तेच त्यानं केलं असतं : मिळालेल्या चार महिन्यांत जमेल तेवढ्या जोरानं युद्ध संपवायचं.

हीच ती अडचण, जिच्यामुळे माझा कल बदलला. आपण म्हणतो ‘दुसरा जिंकला असता तर युद्धाची दिशा बदलली असती’, आणि तो दुसरा माणूस गाडीत चढेपर्यंत गाडी स्टेशनात शिरलेली असते. श्रोत्यांच्या मनात हा प्रश्न एकदा उभा राहिला की आधीच्या दीड तासातलं कापूस, तार, दुमडलेला कागद सगळं मागे पडतं. त्यानंतर मी हाच विषय आणखी दोन ठिकाणी मांडला. दोन्ही ठिकाणी कुणीतरी वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. म्हणून हा त्या एका काकांपुरता मामला नव्हता, असं मी धरून चालतो.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी, ती कमी वजनाची नाही. लीच्या सैन्यातून त्या हिवाळ्यात शिपाई मोठ्या संख्येनं पळून घराकडे जात होते. लिंकन पुन्हा आला, आता तडजोड नाही, हे कळल्यावर त्यांचा धीर सुटला असं म्हणायला जागा आहे. मॅक्लेलन जिंकला असता तर ‘मार्चपर्यंत तग धरा’ या आशेवर ते खंदकांत टिकलेही असते. हा युक्तिवाद मला पटतो. फक्त तो व्याख्यानात उभा करायचा तर सगळा भार शिपायांच्या मनःस्थितीवर टाकावा लागतो, आणि तिथं हातात धरायला कागद कमी, अंदाज जास्त.

दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची. युद्ध कदाचित त्याच सुमारास संपलं असतं, पण त्याचं फळ वेगळं निघालं असतं. गुलामगिरी कायमची मोडणारी तेरावी घटनादुरुस्ती जून १८६४ मध्ये प्रतिनिधीगृहात पडली होती. तेच सभागृह ३१ जानेवारी १८६५ ला पुन्हा बसलं आणि ११९ विरुद्ध ५६ अशी ती मंजूर झाली. दोनतृतीयांश मतं लागत होती. तीन सदस्य फिरते तर ती पुन्हा पडली असती. काही डेमोक्रॅट सदस्य बाजू बदलून आले म्हणून ती तरली. त्यांचाच उमेदवार नोव्हेंबरात जिंकला असता तर ते आले असते का? मला नाही वाटत. १८६० च्या शिरगणतीत गुलाम होते जवळपास ४० लाख. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांची कामगिरी त्या तीन मतांच्या अलीकडे-पलीकडे लटकत होती. हे सांगताना माझा आवाज भरून येतो. तुम्हाला युद्धाची दिशा सोडून युद्धाच्या फळाबद्दल बोलायचं असेल तर १८६४ ला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. विषयाचं नाव मात्र तेवढं बदलून घ्या.

आता १९६८. सुरुवातीला मला हा विषय कोरडा वाटला होता. कापूस नाही, वऱ्हाड नाही, नावं जिभेवर बसत नाहीत. १९५४ च्या जिनिव्हा करारानं व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, त्यानंतर तिथं देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, आपले अधिकारी आणि जवान तिथं जाऊन आले, एवढा एक धागा आहे. तो श्रोत्यांना पाच मिनिटं धरून ठेवतो, त्यापुढे नाही. पहिला अर्धा तास माणसं चुळबुळत होती, हे कबूल करतो.

पण तोच काकांचा प्रश्न इथं लावून पाहा. मतदान ५ नोव्हेंबर १९६८ ला, शपथ २० जानेवारी १९६९ ला. (ही तारीख १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीनं मार्चवरून अलीकडे आली. १८६४ सारखे चार महिने कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणूनच ती बदलली गेली, असं मी माझ्यापुरतं म्हणतो.) त्या दिवशी युद्धात काय उरलं होतं? जवळपास सगळं. व्हिएतनामात अमेरिकेचे पाच लाखांहून जास्त सैनिक होते. कंबोडियावरचे गुप्त बॉम्बहल्ले अजून सुरू व्हायचे होते, ते मार्च १९६९ मध्ये झाले. कंबोडियात सैन्य घुसणं एप्रिलअखेर १९७० ला, त्यानंतर अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात निदर्शनांवरच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले ते ४ मे १९७० ला, लाओसमधली मोहीम १९७१ ला, पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ ला, आणि दक्षिणेची राजधानी सायगाव पडली ३० एप्रिल १९७५ ला. म्हणजे नव्या माणसाला खुर्चीवर बसल्यावर ठरवायला चार-पाच वर्षांचं युद्ध शिल्लक होतं.

आणि तो नवा माणूस दुसरा असता तर, हे अंतर किती होतं? निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७. सात कोटींहून अधिक मतदानात सुमारे पाच लाख मतांचा फरक, आणि तिसरा उमेदवार वॉलेस साडेतेरा टक्के घेऊन गेलेला. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात पाच मतांनी सरपंच बदललेला सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे ‘जर’ इथं ओढूनताणून आणावा लागत नाही. १८६४ साली अटलांटाच पडलं नसतं अशी कल्पना आधी करावी लागते, तेव्हा कुठं मॅक्लेलन जिंकतो. एका ‘जर’साठी दुसरा ‘जर’.

हम्फ्री वेगळं वागला असता कशावरून, हा खरा प्रश्न. कारण तो तेव्हाचा अध्यक्ष जॉन्सन याचा उपाध्यक्ष, चार वर्षं त्याच धोरणाचं समर्थन करत फिरलेला. इथं हातात धरायला कागद आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये, युद्ध वाढवायचं की नाही हे ठरत असताना, हम्फ्रीनं जॉन्सनला टिपण दिलं होतं की वाढवू नका, यातून बाहेर पडायला राजकीयदृष्ट्या हेच सगळ्यात सोयीचं वर्ष आहे. त्यावर जॉन्सननं त्याला बरेच महिने व्हिएतनामच्या बैठकांपासून दूर ठेवलं. मग ३० सप्टेंबर १९६८ ला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात त्यानं सांगितलं की शांततेसाठी धोका पत्करून उत्तरेवरचे बॉम्बहल्ले थांबवीन. तिथून त्याची मतं वाढू लागली. आठ-दहा दिवस आधी बोलला असता तर, असं वाटून जातं.

ऑक्टोबरची गोष्ट तर ऐकणाऱ्याला खिळवून ठेवते. ३१ ऑक्टोबरला जॉन्सननं बॉम्बहल्ले थांबवल्याचं जाहीर केलं आणि पॅरिसमध्ये चारही पक्ष (अमेरिका, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम, आणि दक्षिणेतले बंडखोर) वाटाघाटींना बसणार असं ठरलं. २ नोव्हेंबरला, मतदानाच्या तीन दिवस आधी, दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष थियू म्हणाला, आम्ही येत नाही. निक्सनच्या बाजूनं त्याच्या प्रचारातल्या अ‍ॅना शेनॉल्टमार्फत थियूच्या राजदूताला निरोप जात होते की थांबा, आमच्याकडून चांगलं मिळेल. जॉन्सनला हे चोरून ऐकलेल्या संभाषणांतून कळलं होतं, तरी त्यानं ते उघड केलं नाही. निक्सनचा सहकारी हाल्डमन याची त्या काळातली टिपणं २०१७ साली पुढे आली, त्यांत खुद्द निक्सनच खोडा घालायला सांगत असल्याचं दिसतं. थियू निरोप नसते तरी अडला असता, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. मतदानानंतरही पॅरिसला टेबल कोणत्या आकाराचं असावं यावर जानेवारीच्या मध्यापर्यंत वाद चालला. गोल की चौकोनी, कोण कुणाच्या बरोबरीनं बसणार, आणि तिकडे रोज माणसं मरत होती.

मी हे सांगून थांबलो तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या एका ताईंनी विचारलं, ‘सर, निवडणुकीनंतर किती पोरं मेले?’ त्यांचा मुलगा सैन्यात आहे, तेव्हा लडाखला होता, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, ‘अमेरिकेचे एकूण ५८ हजारांवर गेले. त्यातले २० हजारांहून जास्त निक्सन आल्यावर.’ त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अन् तिकडचे?’ मी म्हटलं, ‘लाखांत.’ नंतर बराच वेळ कुणी काही विचारलं नाही. १८६४ च्या व्याख्यानानंतर लोक तारखांवर बोलत बाहेर पडले होते. या वेळी चपला घालताना प्रत्येक जण तेवढ्या वर्षांबद्दल बोलत होता, त्या २० हजारांबद्दल, आणि ज्यांचा आकडा मी देऊ शकलो नाही त्यांच्याबद्दल.

१९६८ लाही खोट आहे. हम्फ्री आला असता तरी हनोईनं, म्हणजे उत्तर व्हिएतनामनं, आपला हट्ट सोडला नसता. बहुधा शेवटी देश एक झालाच असता आणि उत्तरेच्याच हाती गेला असता. कंबोडिया वाचला असता का, यावर मी होय म्हणायला धजत नाही, फक्त बॉम्बहल्ले आणि घुसखोरी त्याच्या हातून तशी झाली नसती, असं मला वाटतं. आणि त्याच्या पक्षातले जुने युद्धसमर्थक त्याला किती मोकळं सोडते, हेही आहेच. सत्तेतला माणूस आपल्याच सरकारचा माल कितपत टाकू शकतो, ही शंका मॅक्लेलनच्या बाबतीत येत नाही, हम्फ्रीच्या बाबतीत येते. एक त्रास आणखी : हॉलमध्ये कुणीतरी दहा मिनिटांत हा विषय आपल्या इथल्या पक्षांवर आणून ठेवतो. ते सांभाळायची तयारी ठेवा, नाहीतर उरलेली संध्याकाळ तालुक्याच्या राजकारणात जाते.

मग घ्यावं काय? तुमचे श्रोते शेतकरी असतील, वेळ तासाभराचा असेल आणि हा पहिलाच प्रयोग असेल तर १८६४ सोपं जाईल. कापूस तुमचं निम्मं काम करतो. शाळेतल्या मुलांपुढे बोलायचं असेल तर तेराव्या दुरुस्तीची ती तीन मतं आणि फुल्यांची अर्पणपत्रिका यावरच पूर्ण व्याख्यान होतं, आणि ते चांगलं होतं. पण विषयाचं नाव जसं आहे तसंच ठेवायचं असेल, म्हणजे निवडून येणारा माणूस बदलल्यानं युद्धाची वाट बदलते का, तर मला विचाराल तर १९६८ घ्या. सुरुवात जिनिव्हा आणि आयोगानं करू नका, मी केली होती आणि अर्धा तास घालवला. थेट पॅरिसच्या टेबलावरून सुरू करा, मग मागे ऑक्टोबरात जा. फळ्यावर डाव्या हाताला २० जानेवारी १९६९ आणि उजव्या हाताला ३० एप्रिल १९७५ लिहून मध्ये जागा मोकळी सोडा, बोलता बोलता ती भरत जा.

माझ्या दोन्ही वह्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. १८६४ च्या वहीत ११६ दिवसांचं पान दुमडून ठेवलं आहे, काकांनी विचारल्यावर लिहिलेलं. १९६८ ची वही घेऊन जाणाऱ्यानंही ते एकदा वाचून जावं. यंदा व्याख्यानं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहेत. त्याआधी आलात तर मी संध्याकाळी सहानंतर तिथंच असतो.